उभ्या पिकावरची पाखरं

ऑगस्टच्या एका संध्याकाळी शेजारच्या शेतकऱ्यांनी दारात येऊन दोन रानकबुतरं दिली. पिशवीत होती, अजून कोमट. आम्ही राहतो तो भाग इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या आग्नेयेला, सफोक परगण्याच्या शिवेजवळचा. चिकणमातीची जमीन, गहू आणि सातू, मधूनमधून ओक-अ‍ॅशच्या लहान राया. काढणीच्या दिवसांत इथे दुपारभर बंदुकांचे आवाज येत असतात आणि संध्याकाळी कुणी ना कुणी असे पक्षी वाटतो. मी परसदारी पाटावर बसून ती साफ करायला घेतली. रानकबुतराची पिसं फार सैल असतात, बोट लावलं की मुठीत येतात. छातीवरचा तो गुलाबी-जांभळा रंग, मानेवरचा पांढरा डाग, त्याच्यावरची हिरवट झाक, सगळं हातात उतरत जातं आणि खाली एक लहानसं, गडद मांसाचं शरीर उरतं. पहिल्याची गळ्यातली पिशवी कापली तेव्हा गहू बाहेर आला. अख्खे, फुगलेले, पिकलेले दाणे, ओंजळ भरेल इतके. दुसऱ्याच्या पिशवीत गहू थोडाच होता. दाण्यांच्या मध्ये पांढरट, फाटलेल्या दुधासारखं काहीतरी होतं आणि पिशवीची आतली भिंत जाड, सुजल्यासारखी झाली होती. ते काय आहे हे मला ठाऊक होतं. कबुतराची आई आणि बाप दोघंही गळ्यात दूध तयार करतात, आणि अंड्यातून निघालेल्या पिल्लांना पहिले काही दिवस तेवढंच लागतं. म्हणजे जवळपासच्या कुठल्यातरी झाडावर, काटक्यांच्या विरळ घरट्यात, काही दिवसांची पिल्लं होती. रानकबूतर बहुधा दोन अंडी घालतं.

मी ती दोन्ही कबुतरं शिजवली. काळं तिखट घालून, घट्ट रश्शात. आम्ही खाल्ली आणि ती चांगली लागली.

पण ते पांढरं काही डोक्यातून जाईना. ज्यांनी पक्षी दिले त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नव्हता, आजही नाही. पंचाहत्तरीला आलेले गृहस्थ, सगळं आयुष्य याच मातीत. आठवडाभराने त्यांना विचारलं, मी एकदा तुमच्याबरोबर येऊन बसू का? ते म्हणाले, या की, पण लाल-पांढरं काही घालू नका आणि उन्हात चमकेल असं काही आणू नका.

त्यांचा गहू एका बाजूला लोळला होता. जुलैच्या अखेरीला वादळी पाऊस झाला, आणि जिथे खत फेकताना दोन पट्टे एकमेकांवर आले होते तिथलं पीक जास्त वाढून, मऊ पडून जमिनीला टेकलं. ताठ उभ्या गव्हावर रानकबुतराला उतरता येत नाही. अर्धा किलोच्या आसपास वजनाचा पक्षी आहे तो, काडी त्याला पेलत नाही आणि दाट पिकात त्याला पंख उघडता येत नाहीत. लोळलेला गहू मात्र त्याच्यासाठी अंथरलेलाच असतो. कोपऱ्यात एक तुकडा आडवा झाला की पक्षी त्याच्या कडेला उतरतात, चालत आत शिरतात, कडेचा उभा गहू तुडवत जातात आणि तो तुकडा रोज थोडा थोडा मोठा होतो. शेतकऱ्यांनी आधीचे काही दिवस दुर्बीण घेऊन नुसतं पाहिलं होतं: पक्षी कुठल्या रायीतून निघतात, कुठल्या झाडाच्या डोक्यावरून येतात, वारा फिरला की वाट कशी बदलते. कुंपणाच्या झुडपांना पाठ लावून त्यांनी हिरवट-करडी जाळी बांधली, आत दोन स्टुलं ठेवली. वारा पाठीवर येईल अशी जागा. समोर पंचवीस-तीस पावलांवर फसवी कबुतरं मांडली. काही प्लास्टिकची, काही आदल्या वेळची मेलेली, मान काटकीवर टेकवलेली. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, घोड्याच्या नालाच्या आकारात, आणि मधली जागा रिकामी. उतरणारा पक्षी वाऱ्याच्या तोंडावर येतो आणि त्या रिकाम्या जागेकडे वळतो. तिथे तो क्षणभर पंख पसरून थांबतो.

ऊन वाढलं तसा पिकलेला गहू तडतडू लागला. तो आवाज मला फार आवडतो. तूसं सुकून एकमेकांवर घासत असतात, पूर्ण शेत बारीक कुजबुजतं. दूर कुठेतरी सातूच्या शेतात हार्वेस्टर चालू होता, त्याची धूळ आकाशात उभी होती. मग पहिलं कबूतर आलं, रायीच्या माथ्यावरून, सरळ. शेतकरी हळूच उठले, दुनळी खांद्याला लावली, आवाज झाला. जळक्या दारूचा वास आला आणि काही पिसं हवेत तरंगत लोळलेल्या गव्हावर उतरली. त्यांची लॅब्राडोर कुत्री खुणेची वाट पाहत थरथरत बसून राहिली होती. त्यानंतर पक्षी येतच राहिले, एकेकटे, जोडीने, कधी चार-पाच एकदम. एका पक्ष्यावर त्यांनी बंदूक उचलली आणि खाली घेतली. मला फरक दिसलाच नव्हता. ते म्हणाले, तो 'स्टॉक डव्ह' होता. थोडा लहान, पंखांवर पांढरी पट्टी नाही, मानेवर पांढरा डाग नाही, उडणं जरा चपळ. त्याला मारायची परवानगी नाही. अर्ध्या सेकंदात, उन्हाच्या तिरिपीत, त्यांनी ते ओळखलं होतं. आमच्या गावात शेकडो लोक राहतात, केंब्रिजला गाडीने जातात-येतात. त्यांतल्या किती जणांना रानकबूतर आणि स्टॉक डव्ह वेगळे सांगता येतील? आभाळाकडे इतकं लक्ष देणारा माणूस मी इथे दुसरा पाहिला नाही. ही गोष्ट मला मान्य करावीच लागते, आणि ती मान्य करताना जड जातं.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं. काळी, भेगाळणारी जमीन, परतीच्या पावसावर पेरलेला जोंधळा, थंडीतल्या दवावर वाढलेली मालदांडी ज्वारी. कणसं चिकात आली की राखण सुरू व्हायची. शेताच्या मधोमध चार मेढी रोवून त्यांच्यावर माळा बांधलेला असायचा, ताटांच्या डोक्यावरून दिसेल इतका उंच. त्यावर आत्या उभी राहायची. तिच्या हातात गोफण, पायाशी वाळवलेल्या मातीच्या खड्यांचा ढीग. पाखरांचे दोन वेळ ठरलेले: तांबडं फुटल्यापासून ऊन चढेपर्यंत, आणि दिवस कलल्यापासून अंधार पडेपर्यंत. चिमण्या, होले, राघू हे तर रोजचेच. खरी धास्ती भोरड्यांची, म्हणजे गुलाबी मैनांची. त्या थव्याने यायच्या, आभाळात वळायच्या तेव्हा काळ्या-गुलाबी पट्ट्याचा रंग पालटायचा, आणि ज्या तुकड्यावर उतरतील त्याची कणसं घटकाभरात रिती करायच्या. आत्या गोफण डोक्याभोवती गरागरा फिरवून एक दोर सोडायची. दोराचं टोक फटकन वाजायचं. त्या आवाजानेच निम्मी पाखरं उठायची, खडा नुसता त्यांच्या मागे जायचा. त्याच्या जोडीला तिची आरोळी, लांबवलेली, 'हाऽऽऽ होऽऽ', आणि शेजारच्या माळ्यावरून तसंच उत्तर. शिवारभर अशी आरोळीला आरोळी लागायची. मी धाकटी, माझ्याकडे पत्र्याचा डबा आणि काठी. डिसेंबरच्या पहाटे पत्रा इतका गार असायचा की धरवायचा नाही.

गोफणीच्या खड्याने पाखरू मेलेलं मी क्वचित पाहिलं. मारायचा कुणाचा विरोध होता असं नाही. लावे-तित्तर मिळाले तर घरात शिजायचेच. पण राखणीचं काम मारण्याचं नव्हतं. पाखरू उठलं पाहिजे, बस्स. ते उठून शेजाऱ्याच्या रानात जायचं, तिथे त्याची माणसं उठवायची, मग ते पुढच्या बांधावर. सगळा दिवस पाखरं अशी हवेतच असायची, आणि जिथे उतरतील तिथे थोडं थोडं खायची. पाखरांचा वाटा सगळ्या शिवारात विभागला जायचा. बांधालगतची दोन ओळी कणसं गेली तर आजी म्हणायची, ती त्यांचीच होती.

इथल्या त्या जाळीमागे बसल्यावर मला जे बोचत होतं ते हे होतं, आणि ते शब्दांत यायला मला काही दिवस लागले. आत्या माळ्यावर उभी राहायची ती दिसण्यासाठी. आम्ही इथे बसलो होतो ते न दिसण्यासाठी. आत्या पाखरांना सांगायची, येऊ नका, इथे माणूस आहे. आम्ही फसवी कबुतरं मांडून सांगत होतो, या, इथे निर्धास्त आहे.

हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, तुमच्याकडे एका शिवारात किती माणसं होती? मी सांगितलं, प्रत्येक रानात कुणीतरी असायचंच. ते म्हणाले, इथे हजार एकरांवर मी आणि माझा मुलगा, आणि काढणीपुरता एक ड्रायव्हर. आवाज करायला ते गॅसची तोफ लावतात. ठरावीक वेळाने ती धडाडते आणि चार दिवसांत कबुतरं तिच्या नळीवर बसायला लागतात. पतंग लावतात, बुजगावणी उभी करतात, तीही पक्षी लवकर ओळखतात. उठवलेलं कबूतर शेजाऱ्याकडे जातं आणि शेजाऱ्याकडे कुणीच नसतं, म्हणून ते निवांत खाऊन परत येतं. त्यांच्या म्हणण्यात खोट नाही. राखण एकट्याने होत नाही, हे मलाही माहीत आहे.

मात्र इतकी कबुतरं आली कुठून, याचं उत्तर बंदुकीत नाही. ब्रिटनमध्ये रानकबुतरांच्या आज सुमारे ५० लाख जोड्या आहेत, आणि १९७०च्या दशकापासून ही संख्या चढतच गेली. त्याच काळात इथे मोहरीच्या कुळातलं एक तेलबियांचं पीक पसरलं. एप्रिल-मेमध्ये शिवारं पिवळीधमक होतात ना, तेच. ते पेरतात ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि त्याची कोवळी हिरवी पानं सगळा हिवाळा शेतात उभी असतात. पूर्वी जानेवारी-फेब्रुवारी हा कबुतरांच्या उपासमारीचा काळ होता. आता बर्फ पडला तरी त्यांचं पान वाढलेलं असतं. हिवाळा तरला की उन्हाळ्यात पिल्लं वाढवायला गहू तयारच. आणि याच शेतांनी कबुतराच्याच कुळातल्या दुसऱ्या एका पाखराला संपवत आणलं. 'टर्टल डव्ह' हा होल्याचा भाऊबंद, आफ्रिकेतून उन्हाळ्यात इथे येणारा, पिकातल्या तणांच्या बारीक बियांवर जगणारा. तणनाशकांनी तण गेलं. १९७०च्या दशकाच्या मानाने तो ९५ टक्क्यांहून जास्त घटला. २०२१च्या गणनेत सगळ्या ब्रिटनमध्ये त्याच्या विणीच्या २१०० च्या आसपास जागा सापडल्या. सफोक, नॉरफोक, केंट अशा थोड्या परगण्यांत तो टिकून आहे. आमच्या कुंपणावर त्याची घुरघुर ऐकू येत असे, असं म्हातारी माणसं सांगतात. मी ती आमच्या गावात कधी ऐकलेली नाही. एक पाखरू नकोसं झालं आणि दुसरं शोधावं लागतं, दोन्ही एकाच शेतीतून.

आणि आमच्या घरापासून फार लांब नाही असं कार्लटन नावाचं खेडं आहे, त्याच्याशी या प्रश्नाचा जुना संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकार कबुतरं मारण्यासाठी काडतुसांवर सवलत देत असे. धान्य वाचवायचं होतं. आर. के. मर्टन या पक्षीशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कार्लटनच्या शिवारात वर्षानुवर्षं कबुतरं मोजली, घरटी तपासली, मेलेल्या पक्ष्यांच्या गळ्यातल्या पिशव्या उघडून पाहिल्या. १९६०च्या दशकात त्यांनी जे मांडलं ते सरकारला आवडण्यासारखं नव्हतं. हिवाळ्यात मारलेली कबुतरं बहुतेक तीच असत, जी वसंतापर्यंत अन्नावाचून मेलीच असती. किती पक्षी उरणार हे शेतातलं हिरवं अन्न ठरवत होतं, बंदुका नव्हेत. पुढे ती सवलत बंद झाली. मला या माणसांबद्दल खूप आदर वाटतो. त्यांनी कुणाचीही बाजू घेऊन सुरुवात केली नाही, चिखलात उभे राहून मोजत राहिले.

म्हणजे बंदूक निरुपयोगी आहे का? तसंही म्हणता येत नाही. त्या दुपारी आम्ही बसलो होतो तोवर बाकीच्या लोळलेल्या गव्हावर एकही कबूतर टिकलं नाही. पण मला वाटतं, तो गहू वाचला तो मेलेल्या पक्ष्यांमुळे कमी आणि कुंपणाशी माणूस असल्यामुळे जास्त. आवाज होता, कुत्री धावत होती, मधूनमधून आम्ही उठत होतो. हे सगळं मेल्या पक्ष्यावाचूनही होऊ शकतं.

कायद्याचं इथे विचित्र आहे. १९८१च्या वन्यजीव कायद्याने जवळजवळ सगळ्या रानपक्ष्यांना संरक्षण आहे, रानकबुतरालाही. त्याला मारता येतं ते एका सर्वसाधारण परवान्याखाली, जो कुणाला मागावा लागत नाही. इंग्लंडमध्ये सध्या त्याचा क्रमांक जीएल ४२. अट एवढीच की पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी मारा, आणि आधी दुसरे उपाय करून पाहा. करमणूक हे कारण चालत नाही. २०१९च्या एप्रिलमध्ये 'वाइल्ड जस्टिस' या वन्यजीवांसाठी झगडणाऱ्या संस्थेने या परवान्यांना आव्हान दिलं, ख्रिस पॅकम, मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे यांची ही संस्था, आणि तेव्हाचे परवाने एकाएकी मागे घेतले गेले. ऐन वाटाण्याच्या पेरण्यांत शेतकऱ्यांचे हात बांधले गेले, संताप उसळला, आणि काही दिवसांतच रानकबुतरांसाठी नवा परवाना निघाला. माझे शेजारी आजही तो विषय निघाला की लाल होतात. मला त्यांचा संताप कळतो आणि त्या संस्थेचा प्रश्नही रास्त वाटतो: दुसरे उपाय खरंच करून पाहिले, हे पाहतं कोण?

आणि मला सर्वांत जास्त टोचतं ते ऋतूचं. फेजंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याची शिकार ऑक्टोबर ते जानेवारी संपेपर्यंत, तितराची सप्टेंबरपासून. पिल्लांच्या काळात त्यांना कुणी हात लावत नाही, ते शिस्तीचं मानतात. रानकबुतराला असा बंद काळ नाही. त्याच्या विणीचा भर जुलै ते सप्टेंबर, कारण तेव्हाच धान्य पिकतं. म्हणजे ज्या दिवसांत शेतकऱ्याला त्याची सर्वांत चीड येते, नेमके त्याच दिवसांत त्याच्या गळ्यात दूध असतं. सतरा-एक दिवस अंडी उबवायची, मग महिनाभर पिल्लं भरवायची, आई-बाप आळीपाळीने. परसदारी पाटावर मी जे पाहिलं ते काही अपवाद नव्हतं. ऑगस्टमध्ये पडलेल्या बऱ्याच पक्ष्यांमागे कुठेतरी घरटं असणार. शेजाऱ्यांनाही हे माहीत आहे. ते म्हणाले, मला आवडत नाही ते, पण डिसेंबरमध्ये माझा गहू नसतो.

माहेरी आता राखण फारशी उरलेली नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुण्या-मुंबईचे लोक हुरड्याला गाड्या करून जातात, पण जोंधळ्याखालचं रान आटत चाललंय. ऊस, द्राक्षं, डाळिंब, मका. भावाला विचारलं तर तो म्हणतो, पाखरं हाकायला माणूस कुठून आणू, आणि एकट्याने जोंधळा लावला तर शिवारातली सगळी पाखरं माझ्यावरच पडतात. पूर्वी शंभर रानांत वाटलं जाणारं नुकसान आता एका रानात होतं. तो शेतावरून चमकत्या फिती ताणतो, स्पीकरवर ससाण्याचा आवाज लावतो. मध्य आशियात ज्या भोरड्या टोळ खातात म्हणून लोकांना हव्याशा वाटतात, त्याच इथे येऊन त्याचं कणीस रितं करतात, आणि तो हात चोळत बसतो. पुढल्या वर्षी जोंधळा लावणार नाही म्हणतो. माझा भाऊ आणि माझे इथले शेजारी एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण दोघांची अडचण एकच आहे. रानात माणूस नाही.

यंदा मे महिन्यात मी शेजाऱ्यांकडे गेले आणि एक मागणी केली. रायीलगतचं एक शेत, जिथे गहू दरवर्षी लोळतो, ते दाणा भरल्यापासून हार्वेस्टर येईपर्यंत मी राखते. सकाळी आणि संध्याकाळी, त्या दोन वेळांना. त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग कामाचं बोलले. गोफण नको, खडा गव्हात पडला आणि हार्वेस्टरच्या आत गेला तर दुरुस्तीचा खर्च मोठा. उभ्या पिकातून चालायचं नाही, फवारणीच्या चाकोरीतूनच जायचं. शेतकऱ्याच्या मुलाने विचारलं, पाऊस असला तरी येणार का, आणि मी हो म्हटलं. आवाजासाठी पत्र्याचा डबा चालेल, कुत्रीही न्या, तिला काम आवडेल. दाण्याचा ओलावा १५ टक्क्यांपर्यंत उतरला की ते कापायला घेतील, तोवर तिथे बंदूक चालणार नाही. पण लोळलेला तुकडा वाढताना दिसला तर ते जाळी बांधतील. तुकडा किती वाढला हे दर रविवारी आम्ही दोघांनी मिळून पावलांनी मोजायचं, एवढं मी माझ्याकडून घालून घेतलं. त्यांची अट मला मान्य आहे.